लघवीच्या घाईवर औषध देताना : आम्ही काय शिकलो

वार्षिक अहवालात आर्थिक पत्रके आणि विभागवार कामाचा आढावा यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहिती देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदाचा विषय आहे प्रौढ व वृद्ध व्यक्तींना होणारी लघवीची अनावर घाई आणि तिच्यावरील औषधांचा सुरक्षित वापर. हा विषय कोणास गौण वाटेल, कोणास संकोचाचा. तो निवडण्यामागे एक कारण आहे आणि ते आमच्याच उणिवेचे आहे. म्हणून प्रारंभी तेच नमूद करणे आम्हास उचित वाटते.

आम्ही प्रशासन सांभाळणारी माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे पुढील मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांनी व औषध विभागाने तपासून दिला आहे. मात्र हिशेबाच्या वहीत जी शिस्त आम्ही आयुष्यभर पाळली, तिचाच अभाव औषधांच्या कागदावर कसा महाग पडतो, हे आम्ही या वर्षी जवळून पाहिले.

एक केसपेपर आणि त्यातील रिकामी जागा

एप्रिल महिन्यातील एका दुपारी सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांचा मुलगा आणि सून आपल्या रुग्णालयात घेऊन आले. आजी दोन दिवसांपासून असंबद्ध बोलत होत्या. मुलाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारत होत्या. रात्री उठून भिंतीशी बोलत होत्या. चार दिवस संडास झाली नव्हती, पोट फुगले होते आणि लघवी थेंब थेंब होत होती. मुलगा म्हणाला, “वय झालं आता तिचं. आमच्या आजीचंही शेवटी असंच झालं होतं.” घरच्यांनी मनाची तयारी केली होती.

सुनेने सोबत एक प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. तीत तीन ठिकाणच्या गोळ्या होत्या. पायांची आग होते म्हणून एका डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिनची गोळी होती. अंगाला खाज येते म्हणून गावातील दवाखान्यातून आणलेली अ‍ॅलर्जीची गोळी होती. आणि तिसरी, लघवीची घाई कमी करणारी, बारा दिवसांपूर्वी आपल्याच बाह्यरुग्ण विभागात लिहून दिलेली होती. या तिन्ही गोळ्या वेगवेगळ्या तक्रारींसाठी होत्या. परंतु शरीरात तिघींचा एक परिणाम सारखाच होता आणि त्याची बेरीज झाली होती.

आजींना लघवीची नळी घालण्यात आली. आपली गोळी व अ‍ॅलर्जीची गोळी त्याच दिवशी थांबवली, तिसरीचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केले. पाचव्या दिवशी सकाळी आजींनी सुनेला विचारले, “घरी म्हशीचं कोण बघतंय?” त्या घरी परतल्या.

त्यानंतर आम्ही त्यांचा पहिला केसपेपर मागवून पाहिला. “सध्या चालू असलेली इतर औषधे” असा एक रकाना त्यावर छापलेला आहे. तो कोरा होता. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, डॉक्टर एकटे होते, आजींनाही औषधांची नावे ठाऊक नव्हती, हे सर्व खरे आहे. पण पावती नसलेला खर्च गर्दीच्या सबबीवर लेखापरीक्षक मान्य करत नाही. तो रिकामा रकाना आमचा होता. कुटुंबाच्या संमतीने आणि नाव न देता ही हकीकत येथे छापत आहोत.

घाई म्हणजे नेमके काय

निरोगी मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी मावते. मूत्राशय भरत असताना त्याची स्नायूमय भिंत सैल राहते आणि योग्य जागा व वेळ मिळाली की मेंदूच्या आज्ञेने आकुंचन पावते. काही व्यक्तींमध्ये ही भिंत आज्ञेची वाट पाहत नाही. मूत्राशय पुरते भरण्याआधीच ती आकुंचन पावू लागते आणि थोपवता न येणारी कळ येते. दिवसा वारंवार जावे लागते, रात्री उठावे लागते, काहींना वाटेतच कपडे ओले होतात. जंतुसंसर्ग वा अन्य उघड कारण नसताना असे घडत असेल, तर त्यास मूत्राशयाची अतिक्रियाशीलता म्हणतात. सन २००२ मध्ये या विषयातील आंतरराष्ट्रीय संस्थेने तिची जी व्याख्या निश्चित केली, तिच्या केंद्रस्थानी ही अनावर घाईच आहे.

यातून जिवाला थेट धोका नसतो, पण जगणे आक्रसते. एस. टी.चा प्रवास टाळला जातो. लग्नकार्यात आधी बाथरूम कोठे आहे ते पाहिले जाते. कीर्तनाला बसायचे तर दाराजवळ. कित्येक स्त्रिया घराबाहेर पडायचे म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्यामुळे लघवी अधिक तीव्र होऊन कळ वाढते, ती निराळीच. ज्यांच्या घरी संडास अंगणापलीकडे आहे, अशा वृद्धांना रात्री अंधारात घाईने उठताना पडण्याचा धोका असतो आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे अनेकदा अंथरूण धरणे. म्हणून या तक्रारीवर उपचार झालाच पाहिजे. आमचा प्रश्न उपचार करावा की नाही हा नाही. तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सावधगिरीने करावा हा आहे.

गोळी लिहिण्यापूर्वीचे प्रश्न

घाईची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हाच विकार असतो असे नाही. लघवीच्या साध्या तपासणीत जंतुसंसर्ग आढळू शकतो. रक्तातील साखर वाढली असेल तर लघवीचे प्रमाणच वाढते. मूत्राशयातील खडा, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, क्वचित कर्करोग यांचीही सुरुवात अशीच होऊ शकते. आपल्या देशात मूत्रमार्गाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. लघवीत पूपेशी सापडतात, पण नेहमीच्या चाचणीत जंतू वाढत नाहीत, असे वारंवार घडले तर डॉक्टरांच्या मनात ती शंका यावयास हवी. लघवीतून रक्त गेले असेल, मग ते एकदाच का असेना, तर घाईच्या गोळीने ते झाकून न ठेवता त्याचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न असा की, ही घाई दुसऱ्या एखाद्या औषधानेच निर्माण केलेली नाही ना? रक्तदाबाच्या कित्येक संयुक्त गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही अलीकडे सर्रास दिली जाणारी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. साहजिकच लघवी वाढते. आमच्या डॉक्टरांनी एक साखळी आम्हास समजावून सांगितली. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होते, त्याने काहींच्या पावलांवर सूज येते, ती सूज नवा आजार समजून लघवीची गोळी दिली जाते, लघवी वाढल्याने घाई होते आणि मग घाईसाठी तिसरी गोळी येते. येथे पहिल्या गोळीचा फेरविचार केला असता तर पुढच्या दोन गोळ्या टळल्या असत्या.

अशीच दुसरी साखळी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत आढळते. स्मरणशक्तीसाठी दिली जाणारी डोनेपेझिलसारखी औषधे अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन वाढवतात आणि त्यामुळे लघवीवरील ताबा सुटू शकतो. त्यावर जी गोळी दिली जाते, ती बहुधा त्याच रसायनाचे काम अडवणारी असते. म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील वृद्ध रुग्णांच्या नोंदींवर आधारित २००५ मधील अभ्यासात ही साखळी स्पष्टपणे दिसून आली होती.

औषधाविना होणारे काम

निदान पक्के झाल्यावरही पहिली पायरी गोळीची नसते. तीन दिवस लघवीची नोंदवही ठेवावयाची : किती वाजता पाणी वा चहा घेतला, किती वाजता आणि किती लघवी झाली, कळ अनावर होती काय. मोजण्यासाठी घरातील एखादे जुने मापाचे भांडे पुरते. या वहीतून पुष्कळ गोष्टी कळतात. कोणी संध्याकाळी सहानंतर चार कप चहा घेत असतो. कोणाच्या पायावरील दिवसभराची सूज रात्री आडवे झाल्यावर उतरते आणि तेच पाणी लघवी होऊन बाहेर पडते. तेथे दोष मूत्राशयाचा नसतो.

त्यानंतर मूत्राशयास वळण लावण्याचे प्रशिक्षण सुरू होते. कळ आली की लगेच धावायचे नाही, क्षणभर थांबून ओटीपोटाखालील स्नायू आवळायचे, कळ ओसरू द्यायची आणि मग शांतपणे जायचे. दोन वेळांतील अंतर हळूहळू वाढवत न्यायचे. याला किमान सहा आठवडे द्यावे लागतात आणि ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाला साधारण तीन महिने. चहा-कॉफी मर्यादित करणे, बद्धकोष्ठ दूर करणे, वजन अधिक असल्यास ते कमी करणे यांचाही गुण येतो. ऋतुसमाप्तीनंतरच्या स्त्रियांत योनिमार्गातील कोरडेपणामुळे घाई होत असल्यास स्थानिक वापराचे इस्ट्रोजेन मलम उपयोगी पडू शकते. या उपायांना पैसे लागत नाहीत वा अगदी थोडे लागतात. मात्र कोणीतरी रुग्णाजवळ वीस मिनिटे बसून ते समजावून द्यावे लागते. गोळी लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. गर्दीच्या दवाखान्यात अर्धे मिनिट जिंकते, हे आम्ही कबूल करतो.

औषधांचे दोन वर्ग

वरील उपायांनी पुरेसा फरक न पडल्यास, किंवा त्यांच्या जोडीने, औषधाचा विचार होतो. ही औषधे मुख्यतः दोन वर्गांत मोडतात.

पहिला वर्ग जुना. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन, ट्रोस्पियम ही त्यातील नावे. ऑक्सिब्युटिनिनला अमेरिकेत १९७५ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे अ‍ॅसिटिलकोलिनचा संदेश मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत, त्यामुळे अवेळी होणारे आकुंचन कमी होते. अडचण अशी की, हेच रसायन लाळग्रंथी, आतडी, डोळे, घामाच्या ग्रंथी आणि मेंदू येथेही निरोप पोहोचवते. म्हणून तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, नजर धूसर होते, घाम कमी येतो आणि वृद्धांत कधी कधी संभ्रम होतो.

ग्रामीण भागातील जुन्या डॉक्टरांना हे चित्र अपरिचित नाही. धोतऱ्याचे बी पोटात गेलेला माणूस असाच कोरड्या तोंडाने, विस्फारलेल्या बाहुल्यांनी बरळत येतो. धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपिन व तत्सम द्रव्ये याच मार्गाने काम करतात. गोळीची मात्रा मोजून-मापून दिलेली असते आणि विषबाधेशी तिची बरोबरी करता येत नाही. परंतु दिशा एकच आहे, हे ध्यानात ठेवले की धोका कोठून येतो ते उमगते. या वर्गातही फरक आहेत. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत सहज शिरते, ट्रोस्पियम तुलनेने फार कमी शिरते. ज्यांची शारीरिक वा मानसिक प्रकृती अचानक ढासळण्याची शक्यता आहे अशा वृद्ध स्त्रियांना तात्काळ विरघळणारे ऑक्सिब्युटिनिन देऊ नये, असे ब्रिटनमधील २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

दुसरा वर्ग मिराबेग्रॉन व विबेग्रॉन यांचा. मिराबेग्रॉन जपानमध्ये २०११ मध्ये व अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले. ते संदेश अडवत नाही. मूत्राशय भरत असताना भिंत सैल ठेवणाऱ्या यंत्रणेस बळ देते. त्यामुळे कोरड, बद्धकोष्ठ आणि संभ्रम यांचा त्रास सहसा टळतो. पण तेही निर्धोक नाही. मिराबेग्रॉनने रक्तदाब वाढू शकतो. २०१५ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने स्पष्ट केले की, वरचा रक्तदाब १८० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ११० किंवा त्याहून अधिक असून तो नियंत्रणात नसेल तर हे औषध देऊ नये आणि देण्यापूर्वी व देत असताना रक्तदाब मोजत राहावा. हृदयरोगावरील मेटोप्रोलॉल व डिगॉक्सिन यांची रक्तातील पातळी या औषधाने वाढू शकते, हेही पाहावे लागते.

लाभाचेही प्रामाणिक मोजमाप हवे. जुन्या वर्गातील औषधांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत औषध घेणाऱ्यांच्या आठवड्याला सुमारे ५ फेऱ्या आणि कपडे ओले होण्याचे सुमारे ४ प्रसंग कमी झाले होते. आठवड्यातून चार वेळा लाजिरवाणे होणे टळले तर ते कोणत्याही माणसास मोलाचे आहे. परंतु त्यासाठी बुद्धीचा तोल, पोट आणि नजर यांतील किती द्यावे लागते, हा दुसऱ्या बाजूचा आकडा मांडल्याशिवाय ताळेबंद पुरा होत नाही.

गोळ्यांची बेरीज

आजींच्या पिशवीने आम्हास शिकवलेला मुख्य धडा हा आहे. एकच गोळी तपासली तर ती बरोबर असते. चूक बेरजेत असते.

कोरड आणणाऱ्या या परिणामाची औषधे निरनिराळ्या वाटांनी घरात येतात. सर्दी-खोकल्याच्या मिश्रणांतील क्लोरफेनिरामाइन, खाजेवरील हायड्रॉक्सिझिन, उलटी-प्रवासासाठीचे प्रोमेथाझिन, पोटदुखीवरील डायसायक्लोमिन, झोपेसाठी वा नसांच्या दुखण्यासाठी दिलेले अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल. यांतील काही चिठ्ठीवाचून दुकानातून आणली जातात, म्हणून रुग्ण त्यांना औषध समजतच नाही. “सध्या काय घेता?” या प्रश्नावर “बीपीची एक गोळी” एवढेच उत्तर येते.

दीर्घकाळच्या वापराबाबत एक प्रश्न गेल्या दशकात अधिक गंभीरपणे पुढे आला. ब्रिटनमधील ५५ वर्षे व त्यावरील वयाच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या ५८,७६९ आणि न झालेल्या २,२५,५७४ व्यक्तींच्या औषधनोंदींची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज एक पूर्ण मात्रा या हिशेबाने तीन वर्षांहून अधिक भरेल इतके जुन्या वर्गातील मूत्राशयाचे औषध ज्यांनी घेतले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाची शक्यता सुमारे १.६५ पट आढळली. हा अभ्यास नोंदींवरून केलेला आहे. त्यातून संबंध दिसतो, औषधानेच स्मृतिभ्रंश झाला असे सिद्ध होत नाही, हे आमचे डॉक्टर आवर्जून सांगतात. तरीही पर्याय उपलब्ध असताना वृद्ध रुग्णास व त्याच्या घरच्यांस या शक्यतेची कल्पना देऊन मगच निर्णय घ्यावा, हे त्यातून निश्चित होते. घाबरून चालू गोळी परस्पर बंद करणे मात्र योग्य नाही.

कोठे थांबावे

काही परिस्थितीत जुन्या वर्गातील औषध देताच येत नाही. लघवी तुंबलेली असणे, जठर रिकामे होण्यास अडथळा असणे, आणि अरुंद कोनाचा काचबिंदू नियंत्रणात नसणे या त्या प्रमुख होत. काचबिंदूचा प्रकार नेत्रतज्ज्ञास विचारावा. प्रत्येक काचबिंदूत ही मनाई नसते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजारातही ती औषधे टाळली जातात.

लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीने सहज मोजता येते. पुरुषांत ही शिल्लक १५० मिलीलिटरहून अधिक असल्यास जुन्या वर्गातील औषध देऊ नये, असे युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जुन्या मधुमेहात स्त्री असो वा पुरुष, मूत्राशयाच्या नसा मंदावून ते पुरते रिकामे होत नाही. तेथे वारंवार जावे लागणे हे अतिक्रियाशीलतेचे लक्षण नसून मूत्राशय सतत अर्धे भरलेले राहिल्याचे असू शकते. आजींचा मधुमेह जुना होता. त्यांची ही तपासणी गोळीपूर्वी झालेली नव्हती, ही आमची दुसरी चूक.

मूत्रपिंड वा यकृत दुर्बल असल्यास मात्रा कमी करावी लागते. मूत्रपिंडाचे काम बरेच खालावलेले असेल तर सॉलिफेनासिन दिवसाला ५ मिलिग्रॅमपुढे आणि मिराबेग्रॉन २५ मिलिग्रॅमपुढे नेत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या हवामानाची. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. जुन्या वर्गातील गोळ्यांनी घाम कमी येतो आणि घाम हेच शरीर थंड ठेवण्याचे साधन आहे. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या रुग्णास उन्हाळ्यात ही गोळी सुरू करताना उष्माघाताची सूचना देणे आवश्यक आहे.

पुढील तारीख

आमच्या कार्यालयात कोणताही खर्च कायमचा मंजूर होत नाही; दर अर्थसंकल्पात तो नव्याने मांडावा लागतो. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र “चालू ठेवा” हे दोन शब्द वर्षानुवर्षे फिरत राहतात. गुण येण्यास साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. म्हणून गोळी सुरू केल्यावर चार आठवड्यांनी रुग्णास बोलवावे, नोंदवही पुन्हा पाहावी, संडास, नजर, बोलणे-वागणे व रक्तदाब यांची चौकशी करावी. फरक नसेल तर मात्रा अथवा औषध बदलावे, निष्कारण चालू ठेवू नये. गुण आला तरी वर्षातून एकदा आणि पंचाहत्तरीनंतर दर सहा महिन्यांनी गरज पुन्हा तपासावी. दोन्ही वर्गांतील औषधे निष्फळ ठरल्यास मूत्राशयात बोट्युलिनम विषद्रव्याचे इंजेक्शन व अन्य उपचार आहेत. त्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावे लागते.

आम्ही केलेले बदल

आजींच्या घटनेनंतर आम्ही चार बदल केले. केसपेपरवरील इतर औषधांचा रकाना भरल्याखेरीज आपल्या औषध विभागातून या वर्गातील गोळी दिली जात नाही. रुग्ण पासष्टीपुढील असल्यास औषधनिर्मात्याने बेरीज पाहून डॉक्टरांशी बोलावे, असा नियम केला आहे. गोळीच्या पाकिटावर पुढील तपासणीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली जाते. आणि आठवड्यातून दोन दिवस एक परिचारिका नोंदवही व व्यायाम समजावून देण्यासाठी स्वतंत्र बसते. हे बदल लहान आहेत. ते सुरू करताना बाह्यरुग्ण विभागातील रांग लांबली आणि त्याबद्दल तक्रारीही आल्या, हे नमूद केले पाहिजे.

रुग्णांच्या घरच्यांस विनंती

१. डॉक्टरांकडे येताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणा : गोळ्या, डोळ्यांचे थेंब, काढे, दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्याही.

२. नवी गोळी सुरू झाल्यावर वृद्ध व्यक्ती गोंधळल्यासारखी वागू लागली, तर ते वयावर ढकलू नका. गोळी कधी सुरू झाली ते आठवा आणि त्याच दिवशी दाखवा.

३. लघवी अडणे, पोट फुगणे, अनेक दिवस संडास न होणे, डोळा लाल होऊन दुखणे या तक्रारींत पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

४. दिवसभर टिकणाऱ्या गोळ्या वरणभातात कुस्करून देऊ नका. त्या अख्ख्या गिळावयाच्या असतात. गिळता येत नसतील तर तसे सांगा.

५. पाणी बंद करू नका. दिवसा पुरेसे प्या, झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत कमी करा. रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा.

६. शेजाऱ्यास लागू पडलेली गोळी आपल्या आईस देऊ नका.

देणगीदार व विश्वस्तांस निवेदन

आपल्या उदारतेमुळे रुग्णालयात यंत्रे आली, खाटा वाढल्या, नवी खोली उभी राहिली. प्रत्येकीवर आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ पाटी आहे आणि ती असणे योग्यच आहे. या वर्षी आम्ही जे मागत आहोत, त्यावर पाटी लावता येणार नाही. पिशवीतील गोळ्या टेबलावर ओतून त्यांची यादी करणाऱ्या एका औषधनिर्मात्याचे पूर्ण वेळेचे वेतन आम्हास हवे आहे. परिचारिकेची वीस मिनिटे हवी आहेत. या खर्चातून उत्पन्न होत नाही; उलट ज्या रुग्णास दाखल करावे लागले असते तो घरीच राहतो आणि आमच्या जमेच्या बाजूस ती रक्कम कधी दिसत नाही. लेखापरीक्षकास ती दाखवता यावी असा रकाना आमच्या पत्रकांत नाही.

आजी अधूनमधून तपासणीसाठी येतात. त्यांची घाई पूर्ण गेलेली नाही. नोंदवही, व्यायाम आणि रात्रीच्या चहाला सुट्टी यांवर त्यांचे बरेचसे भागते. सध्या घाईसाठी कोणतीही गोळी त्या घेत नाहीत. येताना सून न विसरता पिशवी आणते आणि टेबलावर रिकामी करते. मागील वेळी तिच्यात एक नवी सर्दीची गोळी निघाली. ती आम्ही बाजूला काढून ठेवली आणि रकान्यात तिची नोंद केली.